हेल्मेटमधली पट्टी

नऊ मे. संध्याकाळची कामं: टँडेमच्या साखळ्या पुसणं, मागची सीट बोटभर वर करणं, मागच्या पेडलांचे पट्टे बदलणं. टँडेम म्हणजे दोघांनी पुढे-मागे बसून चालवायची लांब सायकल. हँडल, ब्रेक आणि गिअर पुढच्याच्या हातात. मागच्याच्या हातात काहीच नाही, त्यानं फक्त पाय मारायचे. पुढे मी बसते. मागे माझा नवरा, विलास.

विलास गॅरेजच्या दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून मला पाने देतोय. पाना मागितला की त्याचा हात आधी डब्याच्या पलीकडे जातो, मग अलीकडे येतो, मग डब्यात शिरतो. तोवर मी थांबते. एकदा घाई केली होती, तेव्हा सगळा डबा जमिनीवर आला होता आणि नंतर दिवसभर तो माझ्याशी बोलला नव्हता.

उद्या पहाटे आम्ही डोंगरावर जाणार आहोत. दोन वर्षांपूर्वी तो ज्या रस्त्यावर कोसळला, त्याच रस्त्यानं. त्याला वरचं पाइनचं जंगल पुन्हा बघायचंय, आणि तेही गाडीत बसून नाही, पाय मारत. मेच्या मध्यानंतर इथे त्याला बाहेर काढता येत नाही, म्हणजे या मोसमातला हा शेवटचा आठवडा. माझी काळजी एकच आहे. त्याचं अंग आतून तापायला लागलं, तर मला ते कळणार कसं? टँडेमवर मागच्याचा चेहरा पुढच्याला दिसत नाही.

आम्ही टूसॉनला राहतो, ॲरिझोनाच्या वाळवंटात. गावाच्या टोकाला घरं संपतात आणि रस्ता डोंगराला लागतो. खाली सग्वारो, म्हणजे दोन-तीन पुरुष उंचीचे, हात वर केलेले निवडुंग. या दिवसांत त्यांच्या डोक्यावर पांढरी फुलं येतात, रात्री उमलतात आणि दुसऱ्या दुपारी मिटतात. पारवे त्यात तोंड घालून बसलेले असतात. मग एका वळणानंतर सग्वारो संपतात. हळूहळू कमी होत नाहीत, संपतातच. पुढे पिवळं गवत आणि खुरटे ओक. मग नुसते खडक, एकावर एक रचून ठेवल्यासारखे, आणि तिथे कायम वारा. त्याच्याही वर गेलं की पहिला पाइन दिसतो, मग दहा, मग दोन्ही बाजूंना दुसरं काहीच नाही. उन्हात त्या झाडांच्या सालीला गोड वास येतो. इथले लोक त्याला व्हॅनिला म्हणतात. विलास म्हणायचा, नाही, हा नानकटाईचा. खाली भट्टी पेटलेली असताना वर अंगात जाकीट घालावं लागतं. एका सकाळीत मेक्सिकोहून कॅनडाला जाऊन यावं, तसा हा रस्ता आहे, असं टुरिस्टांना सांगतात. आमच्यासाठी तो म्हणजे दर शनिवारची सायकल होती, बस.

वर सगळं हिरवं आहे असंही नाही. जुन्या वणव्यांत जळलेले उतारच्या उतार आहेत. काळे खांब अजून उभे आहेत आणि वारा आला की शिट्टीसारखे वाजतात. तिथे खालून जे उगवलंय ते पाइन नाही, ओकची झुडपं आहेत. मी पाणी तपासण्याच्या लॅबमध्ये काम करते. तिथला एक सहकारी सांगत होता की काही ठिकाणी पाइन आता परत येणारच नाहीत, जमीन आणि हवा दोन्ही बदलली. यातून कुणी काही बोध काढू नये. झाडं जळली, दुसरी आली, एवढंच.

मी रत्नागिरीची. आमच्याकडे उकाडा म्हणजे घाम, आणि घाम म्हणजे दिसणारी गोष्ट. ब्लाउज पाठीला चिकटतो, कपाळावरून धार लागते, माणूस चिडचिड करत सावलीत बसतो. विलास नागपूरचा. लग्न झाल्यापासून मी एकच ऐकत आले की तुम्हा कोकणातल्यांना ऊन म्हणजे काय ते माहीतच नाही. इथे आल्यावर पहिल्याच जूनमध्ये टीव्हीवर उन्हाचे इशारे सुरू झाले, तेव्हा तो बनियनवर अंगणात जाऊन उभा राहिला आणि मुद्दाम वऱ्हाडीत म्हणाला, "याले गरम म्हणते का कोणी?" आमची मुलगी इरा तेव्हा लहान होती. तिला ते वाक्य पाठ झालं. शाळेत ती फक्त इंग्रजी बोलायची, पण उन्हाळ्यात कुणी घाम पुसला की हे एक मराठी वाक्य तिच्या तोंडून निघायचं.

सायकल चालवताना तो जर्सीच्या पाठीच्या खिशात एक कांदा ठेवायचा. नागपूरला मुलं उन्हात बाहेर निघाली की आया त्यांच्या खिशात कांदा टाकतात, ऊन लागू नये म्हणून. इथले सायकलवाले विचारायचे, ते काय आहे? तो गंभीरपणे सांगायचा, सेफ्टी इक्विपमेंट. बाटलीत कैरीचं पन्हं. इथल्या मराठी मंडळाच्या पिकनिकला या कांद्यावरून त्याची इतकी थट्टा झाली की एका वर्षी त्याला वाढदिवसाला कांद्याची माळ घातली. तो ती घालून दिवसभर फिरला.

पण नागपूरकर ऊन सहन करत नाहीत, ते ऊन टाळतात. माझ्या सासूबाई सकाळी दहाला खिडक्या लावून घ्यायच्या, पडदे सोडायच्या, कूलरच्या वाळ्यावर पाणी मारायच्या, आणि ऊन उतरेपर्यंत त्यांच्या घरातून कुणी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसे. कांदा नाइलाजानं जावं लागलंच तर होता. त्यांच्या मुलाला कांदा लक्षात राहिला, लावलेलं दार तो विसरला.

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये एका शनिवारी आम्ही नेहमीसारखे पहाटे निघणार होतो. त्याच्या ऑफिसचा एक कॉल लांबला आणि निघेपर्यंत ऊन चांगलं वर आलं. मी म्हटलं, राहू दे आज. तो म्हणाला, या वेळेला आम्ही क्रिकेटची दुसरी इनिंग सुरू करायचो. मी म्हटलं, तेव्हा तू चौदा वर्षांचा होतास. तो हसला आणि हेल्मेट घातलं. या संवादात माझी चूक शोधायचा मी मन लावून प्रयत्न केला आहे. सापडली नाही. त्याची सापडते, पण तिचं आता काय करणार.

चढावर वारा लागत नाही, कारण तुम्हाला वेगच नसतो. खालून डांबर भाजतं, बाजूचा खडक भाजतो. आणि इथली हवा इतकी कोरडी की घाम अंगावर टिकत नाही, येतो न येतो तोच उडून जातो. मागे फक्त मिठाची पांढरी रेघ राहते. त्याला वाटत होतं, घाम नाही म्हणजे अंग गार आहे. माझ्यापेक्षा तो नेहमीच पुढे असायचा. एका वळणावर मला त्याची सायकल दिसली, कठड्याला नीट टेकवलेली. त्याच्या पलीकडे तो रस्त्याच्या कडेला खडीत बसला होता, पाय पसरून, लहान मूल बसतं तसा. तोंड लाल, डोळे उघडे. मी हात लावला आणि झटकन मागे घेतला. तव्याला लागावा तसा हात लागला.

मी त्याचं हेल्मेट काढलं. कपाळावर येते ती आतली पट्टी एरवी पिळता येईल इतकी ओली असते. ती बिस्किटासारखी कडक होती.

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, कूलरमधलं पाणी संपलं."

मी म्हटलं, भरते.

दोन सायकलवाले थांबले, त्यांनी आपल्या बाटल्या त्याच्यावर ओतल्या. वरून एक पिकअप ट्रक आला, कॅम्पिंगहून परतणारे लोक होते. त्यांच्याकडे बीअरच्या डब्यांची मोठी पेटी होती आणि तिच्यात अर्धवट वितळलेला बर्फ. त्यांनी काही विचारलं नाही. डबे रस्त्यावर ओतून टाकले आणि बर्फ त्याच्या काखेत, मानेवर, जांघेत भरला. डबे उतारावरून घरंगळत गेले. त्या आवाजाकडे मी बघत राहिले होते, हे मला आठवतं. आणि हेही आठवतं की खालच्या उतारावर निवडुंगाच्या फुलांवर पारवे बसले होते आणि ते उडाले नाहीत.

त्या बर्फामुळे तो वाचला, असं हॉस्पिटलमध्ये सांगितलं. यकृत आणि मूत्रपिंडं आधी बिघडली, मग सुधारली. नर्सनं त्याच्या वस्तूंची पिशवी माझ्या हातात दिली. बूट, हातमोजे, कापून काढलेली जर्सी. जर्सीच्या खिशात कांदा होता. मी तो तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकला. त्यानंतर आमच्या घरात कांद्याचा विषय निघाला नाही. भाजीला लागतो तेवढाच.

डॉक्टरीणबाईंनी मेंदूचं चित्र दाखवलं. मला शाळेच्या पुस्तकातलं आठवलं, मोठा मेंदू आणि त्याच्याखाली फ्लॉवरच्या तुऱ्यासारखा लहान मेंदू. तोल, हालचालींचा ताळमेळ. उष्णता सगळ्यांत आधी तिथे पोचते, असं त्या म्हणाल्या. जे परत यायचं ते वर्षभरात येईल, पुढचं फारसं धरून चालू नका. आणि आता त्याच्या अंगाला स्वतःला गार करता येईल यावर विसंबू नका.

वर्ष झालं, दुसरंही सरत आलं. परत आलं ते असं: विचार शाबूत, स्मरण शाबूत, जोक शाबूत. पण शब्द लांबतात, मध्ये तुटतात. चालताना पाय फाकवून, भिंतीला हात लावत जातो. कप उचलायला गेला तर कपाच्या आधी टेबल लागतं. नोकरी गेली. मागच्या दिवाळीला एका घरी जेवायला गेलो होतो. दारातून आत येताना तो झोकांडला आणि "शुभ दीपावली" म्हणायला त्याला बराच वेळ लागला. तिथे एक नवे काका होते, मुलाकडे आलेले, त्यांना आमची काही माहिती नव्हती. ते शेजाऱ्याच्या कानात म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू गेलं, की साहेबांनी सुरुवात लवकर केलेली दिसते. विलासनं भिंत धरली, मान वळवली आणि सावकाश म्हणाला, "कुठे, काका. अजून... कोणी... विचारलं पण नाही."

लोक हसले, जरा जास्तच. काकांना कुणीतरी स्वयंपाकघरात नेऊन समजावलं असावं, कारण नंतर ते त्याच्या ताटात सारखं काहीतरी वाढत राहिले. घरी येताना गाडीत तो म्हणाला की माणूस वाईट नाही, फक्त श्रीखंड फार वाढतो. घरी पोचल्यावर त्याच्या बाजूचं दार उघडून देताना दिसलं, की त्यानं सीटबेल्ट दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

टँडेम शेजारच्या डोनाची. तिच्या नवऱ्याची नजर गेल्यावर दोघं ती चालवायचे. तो वारल्यापासून सायकल गॅरेजच्या छताला टांगलेली होती. मार्चमध्ये ती मला हाक मारून म्हणाली की शिडी धर, ही खाली काढू या, घेऊन जा. मी म्हटलं, विलासला विचारते. ती म्हणाली, बायकांनी विचारलं की पुरुष नाही म्हणतात, नुसती नेऊन उभी कर.

उभी केली. त्यानं तिची मागची सीट चाचपली. मग म्हणाला, "मागे बसून... बघू काय? तुझी... पाठ?"

मी म्हटलं, पाठ काही वाईट नाही.

नदीकाठच्या सपाट रस्त्यावर सराव सुरू केला. इथली नदी म्हणजे वाळू. वर्षातले थोडे दिवस तिच्यात पाणी असतं, बाकी दिवस कुत्री फिरवतात. पहिल्या दिवशी त्याचा प्रत्येक झोक माझ्या हँडलमध्ये आला. हात खांद्यापर्यंत भरून आले. पण एक गोष्ट लक्षात आली. चालताना चुकणारे त्याचे पाय पेडलवर चुकत नव्हते. पट्ट्यांनी बांधलेले, एका चाकोरीत फिरणारे. चुकायला जागाच नव्हती. आणि जोर तर माझ्यापेक्षा जास्त. मागच्याचं अजून एक काम असतं. पुढच्याच्या जर्सीचे पाठीचे खिसे त्याच्या हाताशी येतात, त्यातून केळं, खजूर काढून पुढे द्यायचे. विलासचा हात माझ्या खिशापर्यंत पोचायला वेळ लागायचा. आधी कमरेला, मग बरगडीला. मला गुदगुल्या व्हायच्या आणि सायकल रस्ताभर जायची.

एप्रिलमध्ये एक दिवस ऊन चढलं. मी पुढून ओरडून विचारत होते, ठीक आहेस? तो म्हणत होता, ठीक. घरी येऊन उतरले आणि मागे वळून बघितलं, तर चेहरा तसाच, त्या दिवशीचा. पाय पट्ट्यातून निघेना. नळाखाली बसवला, बर्फ लावला, अंग निवलं. मग मी सायकल भिंतीला लावली आणि त्याला सांगितलं:

"खोटं बोलणार असशील तर मी तुला घेऊन परत बसणार नाही."

तो ओल्या कपड्यांत बसून होता. म्हणाला, "खोटं नाही... बोललो. मला... कळतच नाही, सुनंदा. आत काय... होऊन राहिलं ते."

आयुष्यभर त्यानं कधी थकलो म्हटलं नव्हतं, म्हणून मी धरून चालले होते की हाही तोच हट्ट. तो हट्ट असता तर बरं झालं असतं. हट्टाशी भांडता येतं.

पंधरा-वीस दिवस सायकल जागची हलली नाही. मग लॅबमध्ये एका दुपारी नमुन्यांच्या बाटल्या लावत असताना वाटलं, पाण्याला आपण कधी विचारतो का, तुला कसं वाटतंय? पट्टी बुडवून बघतो. घरी येऊन त्याला त्याचं हेल्मेट दिलं. म्हटलं, यातली कपाळावरची पट्टी बोटानं दाबायची. ओली असेल तर अंग काम करतंय. कोरडी असेल तर मी विचारणार नाही, तू समजावून सांगणार नाहीस, वळायचं. माझे हात हँडलवर, म्हणून बघायचं तूच.

त्याचं बोट आधी नाकाला लागलं, मग कानाला. आम्ही ओट्याशी उभं राहून सराव केला. पाठांतर घेतात तसा.

इरा आता रेडमंडला असते, सॉफ्टवेअरमध्ये. परवा तिला उद्याचं सांगितलं. ती म्हणाली, "आई, ही कान्ट इव्हन होल्ड अ कप." मी म्हटलं, कप मी धरते. ती म्हणाली, व्हाय डज ही हॅव टू? मी म्हटलं, त्यालाच विचार, आणि फोन त्याच्या कानाला लावला. त्याचं वाक्य जमायला वेळ लागतो, हे इराला माहीत आहे. ती थांबली. तिकडे खिडकीवर पाऊस वाजत होता, इथपर्यंत ऐकू येत होता.

"तिथं," विलास म्हणाला, "गार असतं."

इरा म्हणाली, टेक्स्ट मी फ्रॉम द कार. गाडी नसणार, हे तिला परत सांगायला मला जिवावर आलं.

पट्टे बदलून झाले. साखळीचं काळं नखांत गेलंय, ते आठवडाभर निघणार नाही. विलास खुर्चीतून उठतोय. उठताना त्याला हात द्यायचा नाही, फक्त जवळ उभं राहायचं.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच निघालो. दिव्याच्या उजेडात सग्वारोंचे पाय तेवढे दिसत होते. हवा गार. चढ लागला तशी मी बोलायचं बंद केलं. फक्त एक शब्द. पट्टी? मागे शांतता, बोटाची शोधाशोध, हेल्मेटवर नख आपटल्याचा आवाज, मग "ओली". सग्वारो संपले. ओली. ज्या वळणावर तो बसला होता ते वळण गेलं. मी वेग कमी केला नाही, त्यानंही पाय थांबवले नाहीत. ओकची झुडपं. उजाडलं. ओली. मध्ये एकदा त्याचा हात माझ्या पाठीच्या खिशात चाचपडला, खजूर पुढे आले, दोनातला एक रस्त्यावर पडला.

खडकांपाशी ऊन आलं. नेहमीचा वारा नेमका नव्हता. पण पुढच्या वळणाच्या वर, दरीच्या पलीकडे, पहिले पाइन दिसत होते. काळसर हिरवे, त्यांच्याखाली सावली. तिथे गार असणार हे दोघांनाही दिसत होतं. माझ्या पायांत अजून जोर होता, त्याच्या पायांत तर होताच. ते मला पेडलमधून कळत होतं.

पट्टी, मी विचारलं.

मागे काही आवाज नाही. नख आपटलं नाही. म्हणजे बोट पहिल्याच खेपेला जागेवर गेलं होतं. तरी उत्तर नाही. मी परत विचारलं नाही. आम्ही पाय मारत राहिलो, पाइन थोडे आणखी जवळ आले.

"कोरडी," तो म्हणाला. आणि मग, "वळव."

टँडेम वळवायला सगळा रस्ता लागतो. मी उतरले, त्याचे पाय पट्ट्यातून सोडवले, बाटल्यांतलं पाणी त्याच्या मानेवर, डोक्यावर, जर्सीच्या आत ओतलं. तो कठड्याला धरून वर बघत होता. मी त्याला बघू दिलं. मग त्याला बसवलं, पट्टे बांधले आणि आम्ही खाली निघालो. उतारावर वारा लागतो.

घरी आल्यावर त्याला टबात बसवलं. अंग निवलं, पुष्कळ पाणी प्यायला, झोपला. इराला दोन शब्द टाइप केले. मग कपडे धुवायला टाकण्याआधी माझ्या जर्सीचे खिसे रिकामे केले. केळ्याचं साल, किल्ली, खजुराच्या बिया. डाव्या बाजूच्या खिशात, अगदी तळाशी, एक कांदा होता. लहान, लाल, न सोललेला. कधी ठेवला ते मला कळलं नव्हतं. एकदाही चुकीच्या जागी हात लागला नव्हता.

मी तो सोलला, बारीक चिरला आणि पोह्यांना फोडणी दिली.